चिखल, सायकल आणि मॅथ्यू व्हान डर पूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारच्या राईडनंतर मिसळीच्या टेबलवर मला तेच तेच प्रश्न येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर परत तेच येतात, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतेय. झालं असं की जून लागला की आपल्या नाशकात निम्म्या ग्रुपच्या सायकली कव्हर घालून गॅलरीत जातात त्या थेट नवरात्रात बाहेर येतात, आणि मी मात्र गेली काही वर्षं पावसाळ्यात मुलांना घेऊन चिखलात सायकल चालवते. का चालवते ह्याचं उत्तर एका डच माणसाच्या करिअरमधे आहे. तर वाचा निवांत.

ताई, हा व्हान डर पूल नक्की कोण?

मॅथ्यू व्हान डर पूल. जन्म 19 जानेवारी 1995 चा, बेल्जियममधल्या कापेलनचा, पण खेळतो नेदरलँड्सकडून. सायक्लोक्रॉस (चिखलातली रेस, पुढे सांगते, थोडक्यात क्रॉस), रोड आणि माउंटन बाईक, तिन्ही चालवतो आणि तिन्हीत जिंकलाय. सायक्लोक्रॉसचा सीनियर वर्ल्ड चॅम्पियन तो 2015, 2019, 2020, 2021, 2023, 2024 आणि 2025 ला झाला, म्हणजे 2025 पर्यंत सात वेळा, आणि सातव्या वेळी त्याने एरिक दे व्लामिंक ह्या बेल्जियन दिग्गजाच्या सात टायटलची बरोबरी केली. दे व्लामिंकचं शेवटचं टायटल 1973 चं, म्हणजे पन्नास वर्षांहून जास्त काळ तिथपर्यंत कोणाचा हात पोचला नव्हता.

रोडवर पॅरिस-रूबे सलग तीनदा, टूर ऑफ फ्लँडर्स तीनदा, मिलान-सान रेमो दोनदा (ह्या तिन्ही एका दिवसाच्या मोठ्या रेस), आणि 2023 ला रोडचं वर्ल्ड टायटल. एका माणसाच्या नावावर एवढं सगळं म्हटल्यावर लोकांना वाटतं मी दोन-तीन माणसं एकत्र करून सांगतेय. नाही, एकच आहे.

सायक्लोक्रॉस म्हणजे माउंटन बायकिंगच ना?

नाही. सायकल दिसायला रोडबाईकसारखीच असते, वाकड्या हँडलची, सस्पेन्शन नाही काही नाही. टायर थोडे जाड आणि गुट्ट्यांचे, पण रेसमधे जास्तीत जास्त 33 मिलिमीटर रुंदीचेच चालतात. आपल्या साध्या एमटीबीचा (माउंटन बाईकचा) टायर 50 च्या पुढे असतो, त्यावरून अंदाज घ्या की एवढ्याशा टायरवर चिखल, वाळू, ओलं गवत, उतार सगळं काढायचं.

रेस एका ठराविक छोट्या रस्त्यावर होते, साधारण अडीच ते साडेतीन किलोमीटरचा लॅप, शेतातून, बागेतून, कुठे किल्ल्याच्या चढावरून, आणि त्याचे राउंड मारत राहायचे. पुरुषांची रेस तासाभराची, बायकांची पन्नास मिनिटांच्या आसपास. मधे लाकडी फळ्या आडव्या लावलेल्या असतात, जास्तीत जास्त 40 सेंटिमीटर उंचीच्या, एक तर सायकलसकट उडी मारायची नाहीतर उतरून सायकल उचलून पळत ओलांडायची. पायऱ्या असतात. बेल्जियमला कोकसाइडेला समुद्रकाठची वाळू असते, नामूरला गडाचे उभे चढ-उतार असतात. सीझन सप्टेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे तिथल्या ऐन थंडी-पावसात.

सायकल खांद्यावर घेऊन पळायचं, ह्यात सायकलिंग कुठे आलं?

हा प्रश्न आमच्याकडच्या एका काकांनी इतक्या मनापासून विचारला होता की मी त्यांना दुगावजवळच्या एका मोकळ्या पडीक शेतात घेऊन गेले आणि सायकल चालवून दाखवा म्हटलं. वीस-पंचवीस मीटरवर चाक फिरेनासं झालं कारण आपली काळी माती टायरला लाडवासारखी चिकटत जाते, मग फ्रेमच्या आणि टायरच्या मधे घट्ट बसते आणि शेवटी ब्रेक न लावताच सायकल उभी. तेव्हा त्यांना कळलं की कधी चालवायचं आणि कधी उतरून पळायचं हा निर्णय म्हणजेच हा खेळ आहे. चाक घसरत घसरत चाललंय आणि तुम्ही हट्टाने पेडल मारताय, तेवढ्यात शेजारचा उतरून पळत पुढे जातो.

आणि उतरायचं पण थांबून नाही हं. सायकल चालू असतानाच उजवा पाय मागून डावीकडे आणायचा, उजवा हात वरच्या नळीवर, डावा पाय जमिनीला टेकला की धावायला सुरुवात. मग खालची नळी धरून सायकल वर उचलायची, वरची नळी उजव्या खांद्यावर, हात खालून पुढे काढून हँडलचं डावं टोक धरायचं म्हणजे ती पाठीवर आपटत नाही. आमच्याकडच्या मुलांना हे एवढं जमायला चार-पाच शनिवार लागतात. व्हान डर पूल हे करताना बघाल तर तो उतरला कधी आणि परत बसला कधी ते कळतच नाही.

तासाभराचीच रेस? मग काय एवढं?

तासभर फुल दम. रोडच्या रेसमधे ग्रुपच्या मागे लपून श्वास घेता येतो, इथे स्पीड कमी असल्यामुळे दुसऱ्याच्या मागे राहून फारसा फायदा मिळत नाही आणि प्रत्येक वळणानंतर शून्यातून परत जोर लावायचा. आपण रामशेजच्या पायथ्यापासून वर पळत जाऊन खाली येऊन लगेच परत वर गेलो आणि असं तासभर केलं तर काय होईल, तसं समजा.

मधेच सायकल बदलतात म्हणे, ते चीटिंग नाही का?

नियमातच आहे. लॅपमधे पिट असतो, तिथे खेळाडूचा मेकॅनिक दुसरी सायकल घेऊन उभा असतो. चिखलाने भरलेली द्यायची, धुतलेली घ्यायची, आणि परत तिथे येईपर्यंत मेकॅनिक पहिली प्रेशर वॉशरने धुवून तेल लावून तयार ठेवतो. फार चिखल असेल तर जवळजवळ प्रत्येक वेळी बदलतात. मला टीव्हीवर ती पिटमधली माणसं बघायला फार आवडतं, रेनकोट घालून चिखलात उभी असतात आणि सेकंदात काम करतात, त्यांच्याशिवाय कोणाचं टायटल नाही.

त्याच्या आजोबांची काहीतरी गोष्ट आहे ना?

आहे, आणि ती नीट सांगते कारण अर्धवट फिरते.

त्याच्या आईचे वडील रेमाँ पुलिडोर. फ्रान्सचा लाडका माणूस, लोक प्रेमाने पुपू म्हणायचे. टूर द फ्रान्स ह्या तीन आठवड्यांच्या रेसमधे तीन वेळा दुसरा, 1964, 1965 आणि 1974 ला, आणि पाच वेळा तिसरा. म्हणजे आठ वेळा पहिल्या तिनात. पण पिवळी जर्सी, जी त्या वेळी एकूण वेळेत पुढे असणाऱ्याला घालायला मिळते, ती त्यांच्या अंगावर एक दिवससुद्धा आली नाही. लोक त्यांना कायमचा दुसरा म्हणायचे. तसं बघितलं तर त्यांनी 1961 ला मिलान-सान रेमो जिंकली होती, 1964 ला स्पेनची व्हुएल्टा जिंकली होती, पण नाव त्या न मिळालेल्या जर्सीशीच जोडलं गेलं. नोव्हेंबर 2019 ला ते गेले, 83 वर्षांचे होते.

मग 2021 ला नातू पहिल्यांदा टूरला आला. पहिल्या दिवशी टीमने आजोबांच्या जुन्या टीमच्या रंगाची जांभळी-पिवळी जर्सी घातली, पण त्या दिवशी काही जमलं नाही. दुसऱ्या दिवशी शेवट म्यूर-द-ब्रेतान्य नावाच्या चढावर होता आणि तो चढ दोनदा चढायचा होता. पहिल्यांदा चढतानाच हा सगळ्यांना सोडून पुढे सुटला. सगळ्यांना वाटलं एवढ्या लवकर कशाला दमतोय, पण तिथे वर पोचणाऱ्याला बोनस सेकंद (एकूण वेळेतून वजा होणारे) होते आणि त्याला नुसता स्टेज, म्हणजे त्या दिवसाची रेस, नको होता, जर्सी हवी होती, त्यामुळे त्याला ते सेकंद पाहिजेच होते. ते घेतले, परत ग्रुपमधे आला, दुसऱ्यांदा चढताना परत सुटला आणि जिंकला. बोट वर आकाशाकडे. मग पिवळी जर्सी मिळणार हे कळल्यावर इतका रडला की बोलता येईना. सहा दिवस ती जर्सी त्याच्याकडे होती.

मी ही गोष्ट मुलांना सांगते तेव्हा दर वेळी माझाच आवाज बसतो. 2025 ला परत दुसऱ्याच स्टेजला बुलोन-सुर-मेरला जिंकून त्याने पिवळी घातली, पण पहिली ती पहिलीच.

आणि वडील?

आद्री व्हान डर पूल. 1986 ला टूर ऑफ फ्लँडर्स, 1988 ला लिएज-बास्तोन्य-लिएज, 1990 ला आम्स्टेल गोल्ड, आणि 1996 ला सायक्लोक्रॉसचे वर्ल्ड चॅम्पियन. म्हणजे दोन्हीकडे जिंकायचं हे घरातच होतं. नेदरलँड्समधल्या हूगरहाइडेची क्रॉस रेस वडिलांच्याच नावाने होते आणि 2023 ला मॅथ्यूने वर्ल्ड टायटल तिथेच जिंकलं. भाऊ डेव्हिड पण सायक्लोक्रॉस खेळायचा.

बरं, पण चिखलाचा रस्त्यावर काय उपयोग? आपल्याला तर त्र्यंबक रोडवर चालवायची आहे.

ह्या प्रश्नासाठीच तर सगळं लिहितेय, त्यामुळे इथे जरा थांबते.

तीन दिवस सांगते. पहिला, 2024 ची टूर ऑफ फ्लँडर्स. पाऊस झालेला, कोपेनबर्ग नावाचा चढ, दगडी फरसबंदीचा आणि जवळजवळ भिंतीसारखा उभा. दगड ओले, वर माती आलेली. जगातले सगळ्यात भारी रायडर तिथे पाय टेकून उतरले आणि सायकल हातात धरून चालत वर गेले. व्हान डर पूलचं मागचं चाक पण घसरलं, रिप्ले बघा, स्पष्ट दिसतं, पण त्याने सीटवरचं वजन तसंच ठेवलं, पेडलवरचा जोर तोडला नाही, आणि बसून वर गेला. ती रेस त्याने एकट्याने पुढे राहून जिंकली. ओल्या जमिनीवर मागच्या चाकाची पकड जाते तेव्हा घाबरून उभं राहिलं की वजन पुढे जातं आणि चाक नुसतं गरगर फिरतं, बसून राहिलं की चाक परत पकड घेतं. हे वाचून येत नाही, शंभर वेळा चाक घसरल्यावर अंगात येतं, आणि त्याला ते लहानपणापासून चिखलात आलेलं आहे.

दुसरा, 6 ऑगस्ट 2023, ग्लासगोची वर्ल्ड चॅम्पियनशिप. 271 किलोमीटरची रेस, मधे निदर्शकांमुळे बराच वेळ थांबवलेली, नंतर पाऊस, आणि शहरातली एकामागून एक काटकोनातली वळणं. साधारण 22 किलोमीटर राहिले असताना हा एकटा सुटला. मग 16 च्या आसपास राहिले असताना एका उजव्या वळणावर घसरून पडला, बॅरिकेडला जाऊन लागला, जर्सी फाटली, बुटाची घट्ट करायची चकती तुटली. उठला, बसला, निघाला. आणि मागे असलेल्या वाउट व्हान आर्टच्या 1 मिनिट 37 सेकंद पुढे राहून जिंकला, तिसरा आला तादेय पोगाचार. 1985 नंतर पहिल्यांदा डच पुरुष रोडचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. आता बघा, क्रॉसमधे पडणं ही रोजची गोष्ट असते, पडल्यावर सायकल कशी उचलायची, चेन बसलीय का ते एका नजरेत कसं बघायचं, आणि पहिली दोन पेडल मारताना डोकं शांत कसं ठेवायचं ह्याची सवय असते. रोडवाला पडला की हादरतो. हा हादरला नाही.

तिसरा, पॅरिस-रूबे. सुमारे 260 किलोमीटर, त्यातले 55 च्या आसपास खडबडीत दगडी रस्ते, शेतामधले. 2023, 2024 आणि 2025, तिन्ही वर्षं तोच. 2024 ला तो साधारण 60 किलोमीटर एकटा पुढे होता आणि सरासरी स्पीड ताशी 47.8 किलोमीटर होता. दगडावर, हे विसरू नका. तिथे हँडल घट्ट आवळून धरलं की हाताची वाट लागते, सैल धरून सायकलला खाली नाचू द्यावं लागतं, आणि ते क्रॉसवाल्यांना येतं.

आता त्र्यंबक रोड. पावसाळ्यात आपल्याकडे रस्त्यावर मुरूम येतो, ट्रॅक्टरच्या चाकाची माती सांडलेली असते, सिंहस्थाची खोदकामं, पांढऱ्या पट्ट्या ओल्या झाल्या की काचेसारख्या. मी स्वतः अंजनेरीच्या पुढे एका वळणावर अशाच पट्टीवर घसरून मनगट मोडून घेतलं होतं, दीड महिना प्लास्टर. पुढचं चाक घसरतंय हे कळलं आणि मी ब्रेक दाबला, तिथेच चुकलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात मी चिखलात शिकायला सुरुवात केली. आता चाक घसरलं तर बोटं आपोआप ब्रेकवरून सुटतात. म्हणून म्हणते, रस्त्यावर चालवायची असेल तरी चिखलात शिका.

वाउट व्हान आर्टशी त्याचं भांडण आहे का?

भांडण नाही, पण दोघं लहानपणापासून एकमेकांसमोर आहेत. व्हान आर्ट बेल्जियमचा, सप्टेंबर 1994 चा, म्हणजे चारच महिने मोठा. त्याने 2016, 2017 आणि 2018 असं सलग तीनदा क्रॉसचं वर्ल्ड टायटल घेतलं. 2020 ची फ्लँडर्स दोघांच्या स्प्रिंटवर संपली आणि अगदी थोडक्यात व्हान डर पूलने घेतली. 2023 च्या हूगरहाइडेला पण शेवटच्या सरळ रस्त्यावर दोघंच होते.

आणि व्हान आर्टला कमी लेखू नका. 2019 च्या टूरमधे टाइम ट्रायलला (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायची रेस) बॅरिकेडमधे घुसून मांडीला इतकी खोल जखम झाली की करिअर संपतंय का अशी भीती होती. पुढच्या वर्षी ऑगस्टमधे परत येऊन त्याने आठवडाभरात स्त्रादे बियांके आणि मिलान-सान रेमो जिंकली. 2021 च्या टूरमधे तर माँ व्हाँतूचा डोंगराचा स्टेज, टाइम ट्रायल आणि पॅरिसचा स्प्रिंट, तिन्ही. असा सगळंच येणारा रायडर मी तरी दुसरा बघितला नाही. मला व्हान डर पूल जास्त आवडतो पण व्हान आर्ट जिंकला तरी मी टाळ्या वाजवते.

व्हान डर पूल सगळंच जिंकतो का मग?

छे. टोकियो ऑलिंपिकला माउंटन बाईकसाठी त्याने 2021 ची टूर मधेच सोडली होती, पिवळी जर्सी हातातून गेल्यावर लगेच. आणि तिथे पहिल्याच लॅपला एका मोठ्या दगडावरून खाली उतरताना भयानक पडला. प्रॅक्टिसच्या वेळी तिथे लाकडी उतार लावलेला होता, रेसला तो काढलेला होता, आणि त्याला तो असणार असं वाटत होतं. मेडलचं स्वप्न तिथेच संपलं. त्यानंतर पाठीचं दुखणं मागे लागलं, 2022 च्या क्रॉस वर्ल्डला तो नव्हताच. लोक म्हणायला लागले संपला. मार्चमधे परत आला, मिलान-सान रेमोला तिसरा, आणि एप्रिलमधे फ्लँडर्स जिंकला.

टूर द फ्रान्स का जिंकत नाही?

वजन. तो 75 किलोच्या आसपासचा, ताकदीचा माणूस. टूर आल्प्स आणि पिरेनिजच्या तासभराच्या चढांवर ठरते आणि तिथे साठ-पासष्ट किलोवाले उडत जातात. प्रत्येकाचा घाट वेगळा असतो, त्याचा घाट छोटा आणि उभा. आपल्या ग्रुपमधे पण आहेत ना, पांडवलेणीच्या चढाला सगळ्यांच्या पुढे आणि सापुताऱ्याला मागे.

वर्षभर दोन्ही कसं जमवतो?

अगदी मोजूनमापून. क्रॉसचा सीझन सप्टेंबरला सुरू होत असला तरी तो हल्ली बहुतेक डिसेंबरच्या मध्यावर येतो, मधे मधे स्पेनला जाऊन उन्हात लांब राईड मारतो, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला क्रॉस वर्ल्ड, मग विश्रांती, मग मार्चमधे सान रेमो आणि एप्रिलमधे फ्लँडर्स-रूबे, जुलैला टूर. 2023-24 ला त्याने क्रॉसच्या फक्त 14 रेस केल्या आणि 13 जिंकल्या.

अजून एक, टीम. पहिल्यापासून तो रूधूफ्ट बंधूंच्या टीममधेच आहे, जी आधी फक्त क्रॉसची छोटी टीम होती आणि नंतर शाम्पूवाल्या आल्पेसिनच्या नावाने टूरपर्यंत गेली. मोठ्या टीम बोलवत असताना तो हलला नाही, टीमच त्याच्याबरोबर मोठी झाली. मला हे त्याच्या टायटलइतकंच मोठं वाटतं.

मुलींना कोणाचं उदाहरण द्यायचं?

मारियान फॉस. आणि खरं सांगू का, माझ्या मते ती व्हान डर पूलपेक्षा मोठी आहे.

1987 चा जन्म, डच. 2006 ला अठराव्या वर्षी क्रॉसची सीनियर वर्ल्ड चॅम्पियन, आणि त्याच वर्षी रोडची पण. मग 2007 ते 2011, सलग पाच वर्षं रोड वर्ल्डला दुसरी. पाच वर्षं! त्याच काळात क्रॉसमधे मात्र जिंकत होती, 2009 पासून 2014 पर्यंत सलग सहा. मग 2012 ला लंडन ऑलिंपिकचं रोडचं गोल्ड भर पावसात, आणि त्याच वर्षी रोडचं वर्ल्ड टायटल, 2013 ला परत. 2008 ला बीजिंगला ट्रॅकवरचं गोल्ड होतंच. 2015 ला दुखापत आणि थकव्यामुळे जवळजवळ सगळं वर्ष गेलं. आणि 2022 ला क्रॉसचं आठवं टायटल, पहिल्यानंतर सोळा वर्षांनी.

ती नुसती जिंकली नाही, 2013 ला तिने आणि इतर काही जणींनी मिळून बायकांची टूर द फ्रान्स हवी म्हणून मोहीम चालवली. त्यातून 2014 ला पॅरिसमधे एका दिवसाची ला कूर्स सुरू झाली आणि ती तिनेच जिंकली. 2022 ला बायकांची टूर परत आठवडाभराची झाली तेव्हा तिने पिवळी जर्सी घातली, आणि 2025 ला 38 वर्षांची असताना पहिला स्टेज जिंकून परत घातली. आमच्याकडे एक सातवीतली मुलगी आहे, तिच्या आईने मला विचारलं होतं, चिखलातली सायकल मुलींना जमते का हो. मी फॉसचा व्हिडिओ पाठवला, पुढच्या शनिवारी दोघी आल्या.

सायकलमधे मोटर लपवतात ते खरंय?

मोठ्या रेसमधे एकदा सापडलंय, 2016 च्या क्रॉस वर्ल्डला 23 वर्षांखालच्या मुलींच्या रेसमधे एका बेल्जियन रायडरच्या सायकलमधे. सहा वर्षांची बंदी झाली. त्यानंतर सायकलींचं स्कॅनिंग कडक झालं.

हा खेळ सुरू कुठून झाला?

फ्रान्समधून, शंभरहून जास्त वर्षांपूर्वी. थंडीत फिटनेस टिकवायला रोडवाले शेतातून सायकली हाणायचे, 1902 ला फ्रान्सची पहिली चॅम्पियनशिप झाली. 1910 ची टूर जिंकणाऱ्या ओक्ताव लापीझने आपल्या यशाचं श्रेय ह्या हिवाळी क्रॉसला दिलं आणि खेळ पसरला. आता गंमत बघा, 1909 ते 1911 सलग तीन वेळा रूबे जिंकणारा पहिला माणूस हाच लापीझ, मग 1978 ते 80 ला इटलीचा मोझेर, आणि मग आपला व्हान डर पूल. शंभर वर्षांच्या अंतराने दोघंही चिखलात तयार झालेले. पुरुषांची क्रॉस वर्ल्ड 1950 पासून, बायकांची 2000 पासून.

आपल्या नाशकातलं कोणी आहे का ह्यात?

क्रॉसमधे नाही, पण सायकलमधे नाशिक कमी नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन ह्या आपल्या डॉक्टर बंधूंनी 2015 ला दोघांच्या टीममधे रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, जवळपास 4800 किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. नाशिक-पंढरपूर सायकलवारीला शेकड्याने लोक जातात. मुंबई-पुणे रेसमधला घाटाचा राजा हा किताब आपल्या आधीच्या पिढीला तोंडपाठ आहे. आणि 2026 च्या जानेवारीत पुण्यात आंतरराष्ट्रीय दर्जाची पुणे ग्रँड टूर झाली. म्हणजे रोड आपल्याकडे आला, क्रॉस यायचा बाकी आहे, आणि माती-पाऊस-चढ तिन्ही आपल्याकडे फुकट आहेत.

काळ्या मातीत जमतं का खरंच?

भर पावसात जमतं, कारण पाणी माती धुवून नेतं. पाऊस थांबून दोन-चार तास झाले की नाही जमत, तेव्हा ती सगळ्यात चिकट असते. त्यापेक्षा टेकडीच्या पायथ्याची मुरमाड जमीन आणि गवत शोधा, गिरणारे, मखमलाबादच्या बाजूला भरपूर आहे. कोणाच्या शेतात विचारल्याशिवाय जायचं नाही आणि द्राक्षबागेत तर अजिबात नाही, शेतकऱ्याचं वर्षाचं पीक असतं ते.

सायकल कुठली लागेल?

आहे ती. साधी गिअरची एमटीबी मस्त चालते. फक्त मडगार्ड आणि स्टँड काढा, माती तिथेच अडकते. हवा कमी करायची, पण ट्यूब असेल तर 30 पीएसआयच्या खाली नको, दगडावर ट्यूब चिमटून दोन भोकांचं पंक्चर होतं. वर्ल्ड कपवाले चिखलात 20 च्या आसपास चालवतात कारण त्यांचे टायर रिमला चिकटवलेले असतात.

मुलं पडली तर?

पडतात. चिखलात स्पीड कमी असतो आणि जमीन मऊ असते, त्यामुळे रस्त्यापेक्षा कमी लागतं. हेल्मेट आणि हातमोजे सक्तीचे. फळीच्या जागी आम्ही विटा उभ्या ठेवून त्यावर बांबू ठेवतो, पाय लागला तर बांबू पडतो, पोरगं नाही पडत.

रेस बघायची असेल तर किती वाजता?

मोठ्या क्रॉस रेस तिकडच्या दुपारी तीनच्या आसपास असतात, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे साडेसात-पावणेआठ. त्याच्या दीड तास आधी बायकांची रेस, ती चुकवू नका, बऱ्याचदा तीच जास्त रंगते. रविवारचं जेवण लवकर आटपा.

शनिवारी यायचं तर काय आणू?

सकाळी साडेसहाला सोमेश्वरच्या कमानीपाशी. हेल्मेट, जुने बूट, कोरडे मोजे पिशवीत घालून, पाण्याची बाटली, आणि चेनसाठी जुना टूथब्रश. बादली मी आणते. घरी गेल्यावर सायकल लगेच धुवा, वाळलेली काळी माती मग छिन्नीने पण निघत नाही, आणि धुतल्यावर चेनला तेल घालायला विसरू नका.